सुकलालचं जाणं-येणं

आज जेवायला किती माणसं, हे आमच्या आईला भाकरी थापायला बसेपर्यंत कधी नक्की ठाऊक नसायचं. भुसावळला आमची दोन खोल्यांची जागा होती आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नानांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, खुर्च्या विणायचा कारखाना. कारखाना हा शब्द नानांचा. बाकी सगळे वखार म्हणत, कारण ती नारायणशेठची पत्र्याची वखारच होती. पूर्वी तिच्यात सरकीची पोती भरत. सरकीचा तेलकट वास भिंतींतून शेवटपर्यंत गेला नाही. त्याच्यावर ओल्या वेताचा वास चढलेला असायचा, आणि दुपारी आईची टोपली पोचली की या दोन्हींवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा. लोको शेडचा भोंगा झाला की आई भाकरींची चळत फडक्यात बांधायची, उडदाच्या डाळीचं पातेलं टोपलीत नीट बसवायची आणि टोपली माझ्या डोक्यावर देत म्हणायची, "शालू, डोळे रस्त्यावर ठेव, आभाळात नको." थंडीत भरीत असायचं. वांगी आई अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजायची, आणि आमच्या छपरावर धूर दिसला की तिकडे खुर्च्यांना पॉलिश करणारा इस्माईल भोंग्याच्या आधीच हात धुऊन बसायचा. भोंगा तसाही त्याला ऐकू येत नव्हता.

नानांचा उजवा पाय गुडघ्याखालून नव्हता. शंटिंगच्या कामात गेला. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे माझ्या लेखी नाना जन्मापासून लाकडी पायाचेच. रेल्वेनं त्यांना बसून करायचं काम दिलं होतं. पण येणारा-जाणारा 'कसं आहे नाना आता?' असं ज्या आवाजात विचारायचा, तो आवाज त्यांना सोसला नाही. गुलाबभाऊंची आणि त्यांची ओळख बुद्धविहारात झाली. गुलाबभाऊंचे डोळे लहानपणीच देवीत गेले होते. खुर्च्या विणायचं काम ते मुंबईकडच्या कुठल्याशा अंधशाळेत शिकून आले होते आणि गावी येऊन रिकामे बसले होते. त्यांनी नानांना विणायला शिकवलं, नानांनी गिऱ्हाईक शोधलं. शाळा, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, जुने बंगले. तेव्हा बसायचं म्हणजे वेताच्या खुर्चीवरच, आणि बसून बसून ती खाली झोळीसारखी झाली की आमच्याकडे यायची. लाकडी चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. त्यांतून वेताच्या पातळ पट्ट्या उभ्या, आडव्या आणि मग तिरप्या ओवत जायचं. पट्टी ओली हवी, कोरडी असली की मटकन तुटते. ती ओढताना सुर्रर असा आवाज येतो. वखारीत दिवसभर तो आवाज चालायचा, आणि मी परीक्षेचा अभ्यास त्या आवाजात केला आहे. आजही फार शांतता असली की मला वाचता येत नाही.

सुमनताई पाचोऱ्याकडची. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, जीभ मात्र धारेची. चाकं बसवलेल्या एका बुटक्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत ती यायची. वखारीचा ओटा बैलगाडीच्या उंचीचा होता, पोती थेट गाडीत ढकलता यावीत म्हणून बांधलेला. त्यामुळे सुमनताई ओट्याखाली येऊन थांबायची, दोन्ही हात वर करायची आणि सुकलाल तिला उचलून आत तिच्या चटईवर ठेवायचा. रोज. तिच्या अंगाला हात लावू देणारी ती एवढ्या एका माणसाला.

सुकलाल केवढ्या वयाचा होता, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. पंचविशीचा असेल. भिंतीसारखा देह, मोठे मऊ हात, आणि बोलणं दोन-तीन शब्दांचं. त्याचा मोठा भाऊ हिलाल धरणगावकडच्या एका खेड्यातला. आई वारल्यावर तो सुकलालला घेऊन नानांकडे आला, कपड्यांचं गाठोडं दारात ठेवलं आणि म्हणाला, "ठेवी ल्या नाना. काम करस तो. फक्त सांगनं पडस." सांगावं लागायचं हे खरं. वेत पाण्यात टाक म्हटलं की टाकायचा, काढ म्हणेपर्यंत काढायचा नाही. पण एकदा लागलेली सवय त्याला सुटत नसे. सुमनताईला उचलून चटईवर ठेवायचं ही त्याला फार आवडलेली सवय होती. पुढं पुढं तर जे काही उचलायचा, ते तो आधी त्या चटईवरच नेऊन ठेवायचा. पाण्याची बादली, दुरुस्तीला आलेली खुर्ची, एकदा शेजारची शेळी. सुमनताई ओरडायची, मग हसायची, मग तोही हसायचा. झोपायला तो वखारीतच असे.

आता अशा माणसांना कागदोपत्री दिव्यांग लिहितात. मीही लिहिते, लिहावंच लागतं. तेव्हा लोक तोंडावर लंगडा, आंधळा, मुका म्हणत, आणि सुकलालला खुळा. नाना यातलं काहीच म्हणत नसत. ते 'आपली माणसं' म्हणत. या दोन शब्दांचा त्यांना फार अभिमान होता, आणि पुढं जे झालं त्यात याच दोन शब्दांनी त्यांना सगळ्यात जास्त छळलं.

मी तेव्हा दहावीत होते. नळाच्या पाइपासाठी आमची गल्ली मधोमध खणून ठेवली होती, आणि लोक फळ्या टाकून इकडून तिकडे जात. त्या दिवशी वखारीला आठवड्याची सुट्टी होती. नाना वेत आणायला जळगावला गेले होते. सुकलाल नेहमीसारखा ओट्यावर पाय सोडून बसला होता. खड्ड्याच्या पलीकडे नारायणशेठची नात, छकुली, उभी होती. पाच वर्षांची असेल. फळी कुणीतरी काढून नेली होती, तिला घरी येता येईना आणि ती रडत होती. हे सगळं नंतर तिनंच सांगितलं. सुकलाल उठला, खड्ड्यात उतरून पलीकडे गेला, तिला खांद्यावर घेतलं आणि इकडे आणलं. आता तिचं घर डावीकडे दहा पावलांवर होतं. पण सुकलालनं उचललेली वस्तू कुठं जायची ते आम्हांला सगळ्यांना माहीत होतं. त्यानं तिला वखारीत नेऊन सुमनताईच्या चटईवर बसवलं आणि खेळायला ओल्या पट्ट्या दिल्या.

इकडे छकुलीची आई तिला हाका मारत गल्लीभर फिरली. मग बाकीच्या बायका निघाल्या, मग पुरुष. कुणीतरी म्हणालं, विहीर बघा. कुणीतरी म्हणालं, स्टेशनकडे माणूस पाठवा. आणि मग कुणीतरी वखारीचं अर्धवट लोटलेलं दार ढकललं. आत एवढीशी पोर आणि समोर मांडी घालून बसलेला तो धिप्पाड माणूस.

आरडाओरडा ऐकून मी आणि आई धावलो. आईच्या हाताला पीठ तसंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला ओट्यावरून खाली ओढलं होतं. कुणी चपलेनं मारत होतं, कुणी आमच्याच खुर्चीच्या मोडक्या पायानं. सुकलाल हात वर करत नव्हता, पळत नव्हता. प्रत्येक फटक्याला तो "हो, हो" म्हणत होता, कारण त्याच्यावर कुणी रागावलं की हो म्हणायचं एवढंच त्याला शिकवलेलं होतं. आणि ते हो ऐकून लोक आणखी मारत होते. आई मधे घुसली आणि त्याच्या डोक्यावर आडवी झाली. "मला मारा आधी," एवढंच ती ओरडत राहिली. एक फटका तिच्या पाठीवर बसला, तेव्हा लोक भानावर आले.

छकुलीला काही झालं नव्हतं. ती हातातली पट्टी दाखवत आपल्या आईला सांगत होती, "मला खड्ड्यावरून उचललं त्यानं." सगळ्यांनी ते ऐकलं. हळूहळू लोक पांगले. जाताना एकजणही काही बोलला नाही. चुकलं असं म्हणणं फार अवघड असतं, आणि गर्दीनं मिळून म्हणायचं तर त्याहून अवघड.

संध्याकाळी नाना आले. सुकलालच्या डोक्याला आईनं हळद लावून फडकं बांधलं होतं. नाना त्याच्याजवळ बसले न बसले तोच नारायणशेठ दारात आले. एक गोष्ट इथं सांगायला हवी. आम्हांला त्या भागात कुणी जागा देत नव्हतं, तेव्हा नारायणशेठनी वखार दिली होती. आमच्या घरचं पाणी ते प्यायचे नाहीत, पण दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

"नाना," ते उभ्यानंच म्हणाले, "झालं ते वाईट झालं. मी असतो तर होऊ दिलं नसतं."

"मुलीला त्यानं मदत केली, शेठ. ती स्वतः सांगते आहे."

"ऐकलं मी. पण सून दुपारपासून थरथरते आहे. माहेरी जाते म्हणते. तिला काय सांगू?"

"तो काही करणारा माणूस नाही."

"आज केलं नाही. उद्याचं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता?"

 मला वाटलं, आता बोलतील. माझे नाना, जे साहेबाच्या टेबलावर नोकरीचा राजीनामा ठेवून आले होते, ते आता काहीतरी बोलतील. ते लाकडी पायाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"तो इथून जाऊ द्या," नारायणशेठ म्हणाले. "नाहीतर मला वखार रिकामी करून द्या. दुसरा मार्ग मला दिसत नाही."

नानांनी हिलालला निरोप धाडला. आई म्हणाली, चार दिवस थांबा, लोक विसरतील. नाना तिच्यावर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "एकासाठी बाकीच्यांना रस्त्यावर आणू का? सांग ना, आणू का?" आई पुन्हा चुलीकडे वळली. हिलाल येईपर्यंत वखार बंदच होती. तो आला, त्यानं भावाच्या डोक्यावरचं फडकं पाहिलं आणि गाठोडं उचललं. सुकलाल त्याच्यामागं निघाला, पण दर दहा पावलांवर थांबून वखारीकडे बघायचा. त्याला वाटत असावं, कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सुमनताई नेहमीसारखी ओट्याखाली आली आणि तिनं हात वर केले. नानांनी काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले, "इस्माईल तुला वर घेईल. मी खूण केली आहे त्याला."

सुमनताईनं हात खाली घेतले. "मला चौकट खाली द्या," ती म्हणाली.

"अगं, तिथं धूळ आहे, खड्डा आहे—"

"दिसतोय मला खड्डा. चौकट द्या, आणि वेताचं घमेलं द्या."

ती गल्लीत, खणलेल्या मातीच्या ढिगाशेजारी बसून विणायला लागली. येणारे-जाणारे थबकून बघत. सायकलवाले घंटी वाजवत, ती हलत नव्हती. थोड्या वेळानं इस्माईल आपली पॉलिशची बाटली आणि चिंध्या घेऊन खाली उतरला आणि तिच्याशेजारी बसला. दुपारी मी टोपली घेऊन गेले तेव्हा गुलाबभाऊ भिंतीला हात लावत ओट्याच्या कडेपर्यंत आले होते. मी त्यांना हात दिला. नाना आत एकटे उभे होते.

"भाऊ, तुम्हीपण?" नाना म्हणाले.

गुलाबभाऊ शांतपणे बोलत. त्या दिवशीही शांतच होते. "नाना, मी भांडायला नाही उतरलो. मी आपला हिशेब घालतो आहे मनाशी. मला दिसत नाही. रस्त्यानं जाताना कधीतरी कुणा बाईमाणसाला हात लागतो. लागतोच. उद्या तिनं आरडा केला, तर मला कुठं धाडाल? मला तर हिलालसारखा भाऊपण नाही."

भाकरी त्या दिवशी गल्लीतच खाल्ली. नाना जेवले नाहीत. आपला बाप नेहमी बरोबर असतो, ही माझी समजूत त्या दुपारी गेली. मला त्यांचा राग आला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला सुचत नव्हतं, आणि त्यांनाही सुचत नाही हे पहिल्यांदा दिसलं. आज नानांसारखंच, अशा माणसांना घेऊन काम मी जळगावात चालवते. माझ्याकडेही माणसं आहेत आणि शेजारी आहेत, आणि नाना तसे आत एकटे का उभे राहिले होते ते आता मला पुरतं कळतं.

असे बरेच दिवस गेले. मग एका बाजारच्या दिवशी धरणगावकडचा एक कापूसवाला आईला म्हणाला, तुमचा तो मोठा गडी खळ्यात बांधून ठेवला आहे, जनावरासारखा. आईनं ते नानांना जेवताना सांगितलं. नानांनी घास ताटात ठेवला. "उद्या जाऊन येतो," ते म्हणाले. सकाळी निघताना बघतो तर दारात गुलाबभाऊ काठी घेऊन, आणि सुमनताई फळीवर. "तो मला ओळखेल," सुमनताई म्हणाली. "तुम्हांला बघून घाबरायचा." नानांनी मला सोबत घेतलं, कारण एवढ्या सगळ्यांना गाडीत चढवायला कुणीतरी धड पायाचं हवं होतं.

सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं धरणगाव, आणि तिथून एका कापसाच्या रिकाम्या टेम्पोत. वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बोरी-बाभळींना टेम्पोतून उडालेला कापूस लटकलेला होता. सुमनताई पोत्यांवर बसली होती आणि वाटभर एक शब्द बोलली नाही, हे तिच्या बाबतीत मी कधी पाहिलं नव्हतं.

खळं घराच्या मागं होतं. सुकलाल निंबाखाली बसला होता. पायात बैलाचं दावं, दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. दाढी वाढलेली. शेजारी पाण्याचं मडकं, थाळीत अर्धी भाकरी, अंथरायला घोंगडी. घाण नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. कुणीतरी रोज तिथं झाडत होतं.

हिलाल वावरातून धावत आला. नानांना बघून त्याचा चेहरा पडला, मग तोच आधी बोलायला लागला. "नाना, तुम्हीच सांगा, काय करू? आम्ही दोन्ही वावरमा जातस. घरमा कोनी नही. दोनदाव पळी गया तो. एकदाव रूळवर सापडना. भुसावळले जास, भुसावळले जास, इतलंच बोलस. बांधं नही तर मरी जाई तो."

त्याची बायको पदर तोंडाला लावून मागं उभी होती. "उपाशी नही ठेवं त्याले," ती म्हणाली. "दोन्ही टाईम मी जेवाडस."

नाना तिला म्हणाले, "मला दिसतंय ते, बाई."

सुमनताई फळी रेटत सुकलालच्या अगदी समोर गेली. "सुकलाल," तिनं हाक मारली, आणि रोजच्यासारखे दोन्ही हात वर केले.

त्यानं तिला ओळखलं. डोळ्यांत ते दिसलं. तो गुडघ्यावर उठला, हात पुढं आले, आणि मधेच थांबले. मग त्यानं ते दोन्ही हात पाठीमागं नेऊन लपवले आणि म्हणाला, "हो, हो, हो."

सुमनताईचे हात वरच राहिले होते. ते तिनं कधी खाली घेतले मला आठवत नाही, कारण मी नानांकडे बघत होते. सुकलालचे हात खळ्यात नव्हते थांबले, आमच्या वखारीच्या ओट्याखाली मार खाल्ला तेव्हाच थांबले होते. हे नानांना समजलं, आणि त्यांना समजलेलं मला दिसलं. लाकडी पाय बाजूला पसरून ते मातीत बसले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले. गाठ उन्हानं आवळली होती. वेत कापायची सुरी त्यांच्या खिशात होती, पण दुसऱ्याचं दावं कापायचं नाही म्हणून त्यांनी नखांनी आणि दातांनी ती सोडवली. मग दाव्याची नीट घडी करून ते हिलालच्या हातात दिलं. "याला घेऊन जातो," ते म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. आधी मी चुकलो."

भुसावळला आल्यावर नानांनी नारायणशेठना किल्ली नेऊन दिली. "तुम्ही जागा दिली तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं, ते मी विसरलो नाही," ते म्हणाले. नारायणशेठ किल्लीकडे बघत राहिले. म्हणाले, "एवढ्या टोकाला जाल असं वाटलं नव्हतं." सामान न्यायला त्यांनीच आपली हातगाडी दिली. आम्ही निघालो तेव्हा छकुली ओट्यावरून "सुकलाल! सुकलाल!" म्हणून ओरडली, आणि तिच्या आईनं तिला हाताला धरून आत नेलं.

नवी जागा मिळाली ती विहारातल्या एका माणसाच्या ओळखीनं, गावाबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीची शेड. तिथं ओटा नव्हता. सुमनताई फळीवरून थेट आत यायची, कुणी उचलायची गरजच उरली नव्हती. चांगलंच झालं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. गिऱ्हाईक मात्र एवढ्या लांब खुर्च्या आणायला कंटाळायचं, आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या तोवर दुकानांत दिसायला लागल्या होत्या. शेडच्या मागून रेल्वेची सायडिंग गेली होती. सुकलाल पुन्हा वेत भिजवायला लागला. पण माणसाला सोडा, रिकामी बादलीही तो उचलेना. पायानं ढकलत न्यायचा. आणि डोळा चुकला की बाहेर पडायचा. रूळ धरून चालत सुटायचा तो थेट आमच्या जुन्या गल्लीत, वखारीच्या ओट्यावर जाऊन बसायचा. जिथं त्याला मारलं होतं तिथंच. 'भुसावळले जास' म्हणजे कुठं जायचं होतं ते आम्हांला तेव्हा कळलं. एकदा रूळ तपासणाऱ्या गँगमननं त्याला इंजिनासमोरून ओढून काढलं आणि शेडवर आणून सोडलं.  नानांवर तो गँगमन खूप ओरडला, आणि नाना ऐकून घेत उभे राहिले.

त्या आठवड्यात नानांनी फाटकाला कडी बसवून घेतली. आतून लावली तर सुकलाल ती काढायचा, म्हणून बाहेरून. सकाळी सगळे आत आले की मी किंवा आई बाहेरून कडी घालायचो, दुपारी भाकरी घेऊन आलो की काढायची, परत जाताना घालायची. नानांना फाटकावरून हात घालून ती कशीबशी काढता यायची; दिसत नसलेली कडी काढायचं सुकलालला सुचत नसे.

पहिल्या दिवशी कडीचा आवाज झाला आणि आत पट्ट्यांची सुर्रसुर्र थांबली.

"मग त्या हिलालनं काय वेगळं केलं होतं?" गुलाबभाऊंनी विचारलं.

नानांनी पुन्हा पट्टी हातात घेतली. सुमनताईच म्हणाली, "दावं पायात असतं भाऊ. कडी दाराला आहे. मला एवढा फरक पुरतो."

"तुझा हात पोचतो का गं फाटकावरून?"

"नाही."

"माझा पोचतो, पण मला कडी कुठं आहे ते दिसत नाही," गुलाबभाऊ म्हणाले. "म्हणजे सुकलालसाठी आपण सगळेच आत. असू दे. मी फक्त म्हणून ठेवतो."

काम तर करायचं होतं. सुकलाल पुढं बरीच वर्षं आमच्याकडे होता. हळूहळू त्याचं बाहेर जाणं कमी झालं. तो बरा झाला म्हणून, की त्याचं मन मेलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तो तापानं गेला तेव्हा आई त्याच्या उशाशी होती. फाटकाची कडी केव्हा निघाली, कुणी काढली, हे आता घरातल्या कुणालाच आठवत नाही. पण मला दिसतो तो कडी बसवली त्या हिवाळ्यातला हिलाल. वावरातली कामं उरकल्यावर तो भावाला भेटायला आला होता.

मीच त्याला फाटक उघडून आत घेतलं होतं. भुईमुगाच्या शेंगांचं पोतं त्यानं नानांपुढं ठेवलं आणि सुकलालजवळ, घमेल्यापाशी उकिडवा बसला. सुकलालनं त्याच्याकडे पाहिलं, थोडा सरकला आणि त्याला जागा करून दिली.  हिलालनं पाण्यात हात घातला, एक पट्टी उचलून पाहिली, पुन्हा सोडली. आईनं दोघांना एकाच ताटात वाढलं. जेवताना हिलालची नजर दोनदा फाटकाकडे गेलेली मी पाहिली. नानांनीही पाहिली.

नानांना ते सहन झालं नाही. "हिलाल," ते म्हणाले, "काय बोलायचं ते बोलून टाक. तुझा हक्क आहे."

हिलालनं हात धुतले, पंचाला पुसले. "काय बोलू नाना," तो म्हणाला. "जिवत शे. जेवस. आखो काय पाहिजे?"

तो जायला निघाला. रिकामी टोपली घेऊन मीही त्याच्याबरोबर बाहेर पडले आणि कडी घालायला वळले. "ऱ्हाऊ दे माय," तो म्हणाला. आवाज होऊ नये म्हणून त्यानं कडी दोन्ही हातांनी धरली, हळूच सरकवली, नीट बसली का ते एकदा दाबून पाहिलं, आणि मग सायडिंगच्या कडेकडेनं स्टेशनकडे चालायला लागला.